रूळ घडवणारे हमाल

मिल्टन कीन्स सेंट्रलहून सकाळी नोकरीसाठी लंडन गाठणारी माणसं युस्टनला उतरतात. तिथून फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूट चालत पाव तासावर आहे. उलट्या दिशेची गाडी धरली तर कॉव्हेन्ट्री लागतं, म्हणजे वॉरिक विद्यापीठ आलं. त्यापुढे मँचेस्टर, आणि सरळ उत्तरेला जात राहिलं तर स्कॉटलंडात एडिंबरा. एका साध्या यीस्टच्या पेशीत सांगाडा कसा उभा राहतो, याविषयी गेल्या सत्तर वर्षांत जे कळलं त्यातलं पुष्कळसं या एका रेल्वेमार्गावरच्या गावांत कळलं. उरलेलं क्योटो, हायडेलबर्ग, ड्रेस्डेन आणि अमेरिकेत. आणि अलीकडचं थोडं पुण्यातही.

ही हकिगत एका चित्राची आहे. कॉलेजातल्या जीवशास्त्राच्या पुस्तकात ते हमखास असतं. पेशीत सूक्ष्मनलिका नावाचे लांबलचक रूळ पसरलेले आहेत, आणि कायनेसिन नावाचं मोटर प्रथिन डोक्यावर पोतं घेतलेल्या हमालासारखं दोन पायांनी त्यांवरून चाललं आहे. चित्र दिसायला झकास आहे आणि खोटंही नाही. पण यीस्टवर काम करणाऱ्यांना हळूहळू लक्षात आलं की हे हमाल नुसतं ओझं वाहत नाहीत. ते रूळ लांबवतात, टोकाकडून उखडतात, दोन रुळांच्या मधे उभे राहून त्यांना एकमेकांपासून दूर रेटतात. रूळ आधी आणि हमाल नंतर, हा क्रमच तिथे टिकला नाही. तो कसा मोडत गेला, ते सांगायचं आहे.

सुरुवात यीस्टपासूनच करावी लागेल. पावाचं आणि बिअरचं यीस्ट सगळ्यांना माहीत असतं. ते अंगाला कोंब फुटून वाढतं. आपलं यीस्ट निराळं. पूर्व आफ्रिकेतल्या भरडधान्याच्या बिअरमधून पॉल लिंडनर या जर्मन शास्त्रज्ञाने १८९३ साली ते वेगळं केलं आणि त्याला शायझोसॅकरोमायसीस पाँबे असं नाव दिलं. प्रयोगशाळांतून आज वाढवला जातो तो वाण मात्र बिअरचा नाही. १९२०च्या दशकात फ्रेंच द्राक्षरसातून मिळालेल्या यीस्टचा तो वंशज आहे. स्वित्झर्लंडच्या उर्स लॉयपोल्डने १९४०च्या दशकाच्या अखेरीस त्याच्यावर आनुवंशिकीचं काम सुरू केलं. पेशीचा आकार दंडगोल, रुंदी जेमतेम तीन-चार मायक्रॉन. ती फक्त दोन टोकांकडे वाढते. सुमारे चौदा मायक्रॉन लांब झाली की बरोबर मध्यावर आडवा पडदा येतो आणि एकाच्या दोन होतात. पेशीची लांबी मोजली की तिचं वय कळतं. ही सोय ज्याने हेरली तो एडिंबराचा मर्डॉक मिचिसन.

मिचिसनबद्दल एक आडवळणाची गोष्ट सांगतो. त्याची आई लेखिका नेओमी मिचिसन, आणि मामा जे. बी. एस. हाल्डेन. तेच हाल्डेन, जे १९५७ साली कायमचे भारतात आले, इथलं नागरिकत्व घेतलं आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. मामा कलकत्त्यात संख्याशास्त्र आणि आनुवंशिकी शिकवत होता, तेव्हा भाचा एडिंबरात एकेका यीस्टपेशीची वाढ मोजत बसला होता. त्याचा पुतण्या टिम मिचिसन या गोष्टीत पुढे दोनदा येणार आहे. घराणंच तसं.

१९७४ साली पॉल नर्स नावाचा तरुण आधी बर्नला लॉयपोल्डकडे आनुवंशिकी शिकून मग मिचिसनच्या प्रयोगशाळेत आला. पेशीचं विभाजन कधी सुरू व्हायचं हे ठरवणारं जनुक त्याने याच यीस्टमध्ये शोधलं आणि २००१ साली त्याला नोबेल मिळालं. ती कथा पुष्कळदा सांगून झाली आहे. आपल्याला हवी आहे तिची कमी प्रसिद्ध बहीण: विभाजन करायची वेळ झाली हे पेशीला कळलं, पण मग गुणसूत्रं दोन टोकांना ओढतं कोण, आणि ओढायची दोरी कुठून येते?

दोरी सापडली ती विषांमुळे. सह्याद्रीत पावसाळ्यात लाल-पिवळ्या ज्वाळेसारखं फुलणाऱ्या कळलावीच्या कंदात कॉल्चिसीन असतं. हे विष पेशीचं विभाजन मधेच थांबवतं. अमेरिकेत गॅरी बोरिसी आणि एडविन टेलर यांनी १९६७ साली किरणोत्सारी कॉल्चिसीन वापरून ते पेशीत कशाला चिकटतं ते पाहिलं. ज्याला चिकटत होतं ते सूक्ष्मनलिकांची वीट असलेलं प्रथिन होतं. पुढे त्याला ट्यूब्युलिन हे नाव पडलं. अशा विटा एकावर एक चढून सुमारे पंचवीस नॅनोमीटर जाडीची पोकळ नळी बनते. नळीची दोन टोकं सारखी नसतात. एक पटापट वाढतं, त्याला धन टोक म्हणतात, दुसरं ऋण.

पंचाईत अशी की यीस्टला कॉल्चिसीन फारसं बाधत नाही. त्याच्या ट्यूब्युलिनला ते नीट चिकटतच नाही. मग यीस्टवाल्यांनी हात पुढे केला तो शेतीच्या दुकानाकडे.

१९६८ साली ड्यूपाँ कंपनीने बेनोमिल हे बुरशीनाशक बाजारात आणलं. पानावर पडल्यावर त्याचं कार्बेन्डाझिम होतं, आणि खरं काम करतं ते हेच. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागायतदाराला कार्बेन्डाझिम वेगळं समजावून सांगावं लागत नाही. बाविस्टिन या नावाने त्याने ते वर्षानुवर्षं भुरीवर आणि करप्यावर फवारलं आहे. केवड्यावर ते चालत नाही हेही त्याला अनुभवाने ठाऊक असतं. कारण केवड्याचा जंतू खरी बुरशी नव्हे, आणि त्याच्या ट्यूब्युलिनवर हे औषध पकड घेत नाही. बुरशीच्या ट्यूब्युलिनवर मात्र ते घट्ट बसतं, नळ्या वाढायच्या थांबतात, गुणसूत्रं जागच्या जागी अडकतात. सतत फवारणी केली की काही हंगामांनी औषध लागू पडेनासं होतं. बहुतेक वेळा ट्यूब्युलिनमधला एखादाच अमिनो आम्लाचा मणी बदललेला असतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे नुकसान. प्रयोगशाळेच्या दृष्टीने हा खजिना होता, कारण औषधाला दाद न देणारी किंवा फाजील दाद देणारी पेशी शोधली की सांगाड्याचं जनुक हाती लागतं. अमेरिकेत रॉन मॉरिसने अ‍ॅस्परजिलस बुरशीत हेच केलं. क्योटोत मित्सुहिरो यानागिदाच्या गटाने पाँबे यीस्टमध्ये केलं.

यानागिदाचे विद्यार्थी थंडीत मरणारी यीस्टं शोधत होते. एका वाणाची पेशी वीस अंशांना ठेवली की तिची गुणसूत्रं घट्ट वळायची, विभाजनाची तयारी पूर्ण व्हायची, आणि मग सगळं ठप्प. तीच पेशी गरम पाण्याच्या टाकीत छत्तीस अंशांना आणली की काही मिनिटांत केंद्रकाच्या मधोमध नळ्यांची जुडी उभी राहायची आणि गुणसूत्रं दोन टोकांना निघायची. या जुडीला आपल्या पाठ्यपुस्तकांत तर्कू म्हणतात. १९८४ साली या गटाने जाहीर केलं की बिघडलेलं जनुक बीटा-ट्यूब्युलिनचं आहे. तपमान बदलून सांगाडा हवा तेव्हा पाडता आणि हवा तेव्हा उभा करता येऊ लागला. आणि गुणसूत्रं हलायला या नळ्या लागतातच, याबद्दल शंका उरली नाही.

त्याच वर्षी टिम मिचिसन आणि मार्क किर्शनर यांनी दाखवलं की सूक्ष्मनलिका कधीच स्वस्थ नसते. एकाच भांड्यात शेजारी शेजारी असलेल्या नळ्यांपैकी काही वाढत असतात आणि काही भराभर कोसळत असतात. वाढणारी नळी कोणतीही चाहूल न देता कोसळायला लागते. म्हणजे रूळ म्हणून जे काही होतं ते पाच मिनिटांपूर्वी तिथे नव्हतं आणि पाच मिनिटांनी असेल याचीही खात्री नाही. हमालांच्या चित्राला पहिला तडा खरं तर इथेच गेला. पण तेव्हा हमालच पुरते सापडले नव्हते.

डायनीन हे सूक्ष्मनलिकांवर चालणारं पहिलं मोटर प्रथिन इयान गिबन्सने १९६५ साली नाव देऊन ओळखीत आणलं होतं, पण ते सिलियांच्या, म्हणजे पेशीबाहेरच्या हलत्या केसांच्या, हालचालीतलं. पेशीच्या आत तेच काम करतं हे १९८७ पर्यंत ठरलं नाही. कायनेसिन मिळालं १९८५ साली, अटलांटिकच्या काठावर वुड्स होल इथे. रॉन व्हेल, थॉमस रीझ आणि मायकेल शीट्झ यांनी स्क्विडच्या जाडजूड मज्जातंतूतला रस काचेवर ठेवला आणि सूक्ष्मनलिका त्यावरून सरपटताना पाहिल्या. मज्जातंतू म्हणजे लांबच लांब तार. तिच्यात माल इकडून तिकडे जातो. तिथे सापडलेल्या प्रथिनाकडे वाहतूकदार म्हणून पाहिलं जावं हे साहजिकच होतं. चित्र तयार झालं ते तिथे. कायनेसिन स्क्विडऐवजी आधी यीस्टमध्ये मिळालं असतं तर पाठ्यपुस्तकातलं चित्र वेगळं निघालं असतं, असं मला नेहमी वाटतं.

पुढची पाच वर्षं कायनेसिनची भावंडं शोधण्यात गेली. १९९० साल या गोष्टीचा सांधा आहे. त्या एका वर्षात तीन ठिकाणी तीन बुरशींतून तीन जनुकं पुढे आली आणि तिन्ही कायनेसिनच्या कुळातली निघाली. अमेरिकेत पामेला मेलू आणि मार्क रोझ यांनी पावाच्या यीस्टमध्ये कार-३ शोधलं. दोन यीस्टपेशी एक झाल्यावर त्यांची केंद्रकं एकत्र आणायला ते लागतं. मॉरिसच्या गटाला अ‍ॅस्परजिलसमध्ये असंच एक मिळालं. आणि क्योटोत इयान हेगन यानागिदाकडे आला होता. हेगनने त्याआधी लंडनला जेरेमी हायम्सकडे याच पाँबे यीस्टच्या नळ्यांना प्रतिपिंडांनी रंग देऊन त्या पेशीच्या वाढीबरोबर कशा बदलतात ते पाहिलेलं होतं. डोळा तयार झालेला होता.

यानागिदाकडे १९८६ पासून काही विचित्र वाणांचा संग्रह होता. छत्तीस अंशांना नेलं की या पेशी केंद्रकाचं विभाजन न करताच मध्ये पडदा टाकायच्या. पडदा केंद्रकावरूनच जायचा आणि ते कापलं जायचं. म्हणून त्यांना कट वाण म्हणत. त्यांतला सातवा हेगनने घेतला. नळ्या एका रंगात आणि गुणसूत्रं दुसऱ्या रंगात दिसतील अशी तयारी करून त्याने पेशी सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. निरोगी पेशीत तर्कू सरळ काठीसारखा दिसतो: दोन ध्रुव, आणि दोन्हींकडून येऊन मधे एकमेकांत गुंतलेल्या नळ्या. कट-७ च्या पेशीत नळ्या होत्या, ध्रुवही दोन होते, पण दोन्हींकडच्या नळ्या एकमेकांत शिरून जुडी बनतच नव्हती. अर्धा तर्कू इकडे, अर्धा तिकडे. रूळ होते; रुळांची रचना नव्हती. बिघडलेलं जनुक वाचलं तर ते मोटर प्रथिनाचं.

इथे ओझं कुठलं वाहायचं होतं? कुठलंच नाही. कट-७ च्या दोन्ही बाजूंना पाय असतात. एका नळीवर दोन आणि उलट्या दिशेच्या दुसऱ्या नळीवर दोन, असे पाय रोवून ते दोन्हींवर धन टोकाकडे चालू लागतं, आणि त्यामुळे नळ्या एकमेकींवरून सरकून ध्रुव लांब जातात. दोन वर्षांनी, १९९२ साली, विल्यम सॉन्डर्स आणि अँड्र्यू हॉइट यांनी पावाच्या यीस्टमध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. तिथल्या बाहेर रेटणाऱ्या मोटरी बंद पाडल्या तर आधीच उभा राहिलेला तर्कू कोसळून ध्रुव पुन्हा जवळ येतात; पण कार-३ सुद्धा काढून टाकलं तर पेशीला बराचसा आधार मिळतो. म्हणजे कार-३ सतत आत ओढत होतं. तर्कूची लांबी ही या दोन विरुद्ध जोरांची तडजोड होती. पुढे पाँबे यीस्टमध्येही असंच दिसलं: कट-७ शिवाय जगू न शकणारी पेशी पीकेएल-१ हे उलट्या दिशेचं कायनेसिन काढून टाकल्यावर जगते. दोन परस्परविरुद्ध यंत्रं एकदम काढली तर काम चालतं, हे अभियांत्रिकीच्या माणसाला सांगून पाहावं.

१९९६ साली पावाच्या यीस्टचा आणि २००२ साली पाँबेचा पूर्ण जनुकसंच वाचून झाला. माणसात सुमारे पंचेचाळीस कायनेसिनं आहेत. पावाच्या यीस्टमध्ये सहा, पाँबेत नऊ. डायनीन दोन्हींत एकेकच. एवढ्या थोड्या मोटरी असल्यामुळे एकेक काढून पाहणं शक्य झालं. पेशी मेली नाही तर तिचं काय बिघडतं ते सावकाश पाहता येत होतं.

नर्स तोवर लंडनला इंपीरियल कॅन्सर रिसर्च फंडात परतला होता. त्याच्या गटाने वाकड्या पेशी जमवायला घेतल्या: काही केळ्यासारख्या वळलेल्या, काहींना मधूनच तिसरं टोक फुटून टी आकार आलेला. दंडगोल पेशीला आपलं टोक कुठे आहे हे कसं कळतं, असा तो प्रश्न होता. १९९७ साली हुआन माता आणि नर्स यांनी दाखवलं की टी-१ नावाचं एक प्रथिन नळ्यांच्या वाढत्या टोकांवर बसून पेशीच्या दोन्ही टोकांना पोचवलं जातं, आणि वाढ तिथेच होऊ दे असं पेशीला त्यावरून कळतं. हे वाचून हमालवाले खूश झाले असतील. सन २००० मध्ये वाकड्या पेशींच्या त्याच संग्रहातलं टी-२ ओळखलं गेलं आणि ते कायनेसिन निघालं. पण टी-२ नसलेल्या पेशीत माल पोचत नव्हता एवढंच बिघडलं नव्हतं. खुद्द नळ्याच आखूड होत्या. त्या टोकापर्यंत जातच नव्हत्या. मधेच पेशीच्या भिंतीला टेकल्या की कोसळत.

याचा उलगडा व्हायला आणखी काही वर्षं गेली. टी-२ धन टोकाकडे चालत जातं ते टिप-१ नावाच्या प्रथिनाला घेऊन. टिप-१ वाढत्या टोकावर जमलं की नळी भिंतीला लागूनही कोसळत नाही, घसरत पुढे जाते आणि खऱ्या टोकाला पोचते. २००४ साली दामियन ब्रुनर, नर्स आणि सहकाऱ्यांनी ही साखळी मांडली. २००७ साली हायडेलबर्गच्या युरोपीय रेणवीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत थॉमस सरी आणि ब्रुनर यांच्या गटांनी पेशीबाहेर काचेवर तीनच शुद्ध प्रथिनं घेऊन ती पुन्हा उभी केली: माल-३, टिप-१ आणि टी-२. माल-३ वाढतं टोक ओळखतं, टी-२ चालतं, टिप-१ सोबत जातं. ज्या रुळावरून हमाल चालतो तो रूळ पुढे टिकेल याची तजवीज त्या हमालाच्या चालण्यातूनच होते, हे तेव्हा डोळ्यांदेखत सिद्ध झालं.

टी-२ रूळ वाढू देतं, तर केएलपी-५ आणि केएलपी-६ ही जोडी तो तोडते. २००१-०२ मध्ये कोलोरॅडोत रिचर्ड मॅकिंटॉशच्या आणि लंडनला ताकाशी तोदाच्या गटांनी ही दोन कायनेसिनं काढून टाकली. नळ्या इतक्या वाढल्या की पेशीच्या टोकाला आदळून मागे वळू लागल्या. अशा पेशी बुरशीनाशकालाही सहजी बधेनात, कारण नळ्या एरवीपेक्षा टिकाऊ झाल्या होत्या. पावाच्या यीस्टमधल्या त्यांच्या भावाबद्दल, किप-३ बद्दल, ड्रेस्डेनच्या व्लादिमीर वर्गा आणि जोनाथन हॉवर्ड यांनी २००६ साली एक सुंदर गोष्ट दाखवली. किप-३ नळीवर कुठेही चढतं आणि टोकापर्यंत चालत जाऊन तिथून विटा उचलतं. नळी लांब असेल तर तिच्यावर चढणारेही जास्त, म्हणून टोकाला गर्दी जास्त, म्हणून ती लवकर आखूड होते. आखूड नळीला कुणी फारसं छेडत नाही. पेशीपाशी मोजपट्टी नाही, पण लांबी मोजली जाते.

इंग्लंडच्या सरे परगण्यात ऑक्स्टेड नावाच्या छोट्या गावी मेरी क्युरी या कर्करोग धर्मादाय संस्थेची संशोधन शाखा होती. तिथे रॉबर्ट क्रॉसच्या गटाने मोटरींपेक्षा रुळांकडे अधिक लक्ष दिलं. डग्लस ड्रमंड आणि क्रॉस यांनी २००० साली जिवंत पाँबे पेशीतल्या नळ्यांची वाढ आणि पडझड मिनिटामिनिटाने टिपली. तोवर काचेवरचे बहुतेक प्रयोग डुकराच्या मेंदूतून काढलेल्या ट्यूब्युलिनवर होत होते, कारण ते किलोच्या हिशेबात मिळतं. यीस्टची मोटर आणि डुकराचा रूळ, असा तो संसार. ड्रमंडने यीस्टमधूनच ट्यूब्युलिन शुद्ध करायची चिकाटीची पद्धत बसवली. हे काम दिसायला कंटाळवाणं आहे आणि त्याला बक्षिसं मिळत नाहीत, पण त्यामुळे मोटर आणि रूळ एकाच घरचे घेऊन प्रयोग करता येऊ लागले. ऑक्स्टेडची शाखा पुढे बंद झाली आणि क्रॉसचा गट कॉव्हेन्ट्रीला वॉरिक विद्यापीठात गेला. तिथून २०१२ साली आलेल्या निष्कर्षात केएलपी-५ आणि केएलपी-६ नळ्या कोसळायला लावतात हे तर होतंच, पण नव्या नळ्या सुरू व्हायलाही मदत करतात असं निघालं. नुसतं तोडणारा म्हणून ज्याची नोंद झाली होती तो पायाही घालतो.

वॉरिकचं २०१८ सालचं काम यीस्टच्या मोटरीवर नव्हतं, पण या गोष्टीला ते लागू पडतं. डॅनियल पीट, नायजेल बरोज आणि क्रॉस यांनी दाखवलं की कायनेसिन नळीला नुसतं धरून बसलं तरी तिच्या विटांची मांडणी किंचित ताणली जाते आणि एरवी विरघळली असती ती नळी टिकते. म्हणजे चालायचीही गरज नाही, उभं राहणं पुरे. त्याआधी २०१६ साली याच गटाने कट-७ च्या एका कोड्यावर उजेड टाकला होता. २०१४ साली जपानमधून बातमी आली होती की कट-७ दोन्ही दिशांना चालू शकतं; कायनेसिनच्या त्या शाखेत ऋण टोकाकडे जाणं मुळात अपेक्षित नव्हतं. वॉरिकचं म्हणणं पडलं की नळीवर गर्दी कमी असली की कट-७ ऋण टोकाकडे जातं आणि गर्दी झाली की पाय टाकायला जागा न उरल्याने दिशा बदलतं. गर्दी दुसऱ्याच प्रथिनांची असली तरी चालते.

डायनीनकडे अजून वळलोच नाही. पावाच्या यीस्टमध्ये १९९३ साली ते सापडलं. ते काढलं तर केंद्रक कोंबाच्या मानेपर्यंत वेळेवर पोचत नाही, पण पेशी तग धरते. पाँबेत ते लागतं ते लैंगिक पुनरुत्पादनाच्या वेळी. दोन पेशी एक झाल्यावर केंद्रक पेशीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तासन्‌तास येरझारा घालतं, जोडीदार गुणसूत्रं एकमेकांना भेटावीत म्हणून. इथे मोटर नळीवर चालून काही नेत नाही. ती भिंतीला नांगर टाकून नळीलाच ओढते, आणि नळीमागून केंद्रक येतं. ड्रेस्डेनला इवा तोलिचच्या गटात वैष्णवी अनंतनारायणन यांनी २०१३ साली एकेकटा डायनीन रेणू पाहिला: तो आधी नळीवर दिशाहीन डोलत असतो आणि भिंतीला अडकला की मगच एका दिशेने ओढू लागतो. त्या पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रयोगशाळा चालवत होत्या.

महाराष्ट्रात या प्रश्नाला दोन बाजूंनी हात घातला गेला. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मल्लिक यांनी प्रकाशाच्या चिमट्यात कण पकडून मोटरींचा जोर मोजला. ओझं वाढलं की डायनीन लहान पावलं टाकतं, हे त्यांनी अमेरिकेत असताना २००४ साली सहकाऱ्यांबरोबर दाखवलं होतं. मुंबईत त्यांच्या गटाने एकच ओझं दोन विरुद्ध मोटरींच्या टोळ्या कसं ओढतात ते पाहिलं. २०१८ साली त्यांना इन्फोसिस पारितोषिक मिळालं. हे वाहतुकीचं काम. सांगाड्याचं काम पुण्यात पाषाणला, आयसरमध्ये चैतन्य आठल्ये यांच्या गटात झालं. आठल्ये आधी हायडेलबर्गच्या त्याच युरोपीय प्रयोगशाळेत होते. गुणसूत्रांच्या आसपास नळ्या का जास्त वाढतात यावरचा त्यांचा आणि सहकाऱ्यांचा लेख २००८ साली सायन्समध्ये आला होता.

पुण्यातली मांडणी बोलायला सोपी आहे. काचपट्टीवर यीस्टचं डायनीन चिकटवायचं, त्याचे पाय वर, आणि त्या पायांवर नळ्या सोडायच्या. पाय नळीला पुढे ढकलतात. प्रश्न असा की एका नळीखाली किती पाय असले तर ती धड एका दिशेला जाईल? पाय कमी आणि नळी आखूड असेल तर ती अडखळत, भरकटत जाते. नळी लांब किंवा पाय दाट असतील तर चाल सुधारते. कुणालिका जैन, नेहा खेतान आणि आठल्ये यांनी २०१९ साली याचे प्रयोग आणि संगणकावरची प्रतिकृती एकत्र प्रसिद्ध केली. २०२४ साली याच गटाचा पुढचा निबंध आला. त्यात नळीचं एक टोक पक्कं बांधलेलं आहे. डायनीनची टोळी तिला पुढे ढकलते, पण ती जाऊ शकत नाही, म्हणून वाकते, सुटते, पुन्हा वाकते, आणि तिच्यावरून लाटा जायला लागतात. या वेळापत्रकाची आज्ञा कुणीही देत नाही.

या सगळ्याचा उपयोग काय, हे विचारलं जातंच. यीस्टमधल्या कट-७ चा माणसातला भाऊ म्हणजे ईजी-५. कर्करोगाची पेशी सतत विभागत असते, म्हणजे तिला तर्कू सतत लागतो. ईजी-५ बंद पाडलं तर ती अडकेल असा विचार होता. टिम मिचिसन आणि तरुण कपूर यांच्यासह एका गटाने १९९९ साली मोनास्ट्रॉल नावाचा छोटा रेणू शोधला. तो दिला की पेशीतला तर्कू दोन ध्रुवांचा न राहता एकाच केंद्राभोवती नळ्यांचा झुबका होतो. औषध कंपन्या धावल्या. इस्पिनेसिब आणि आणखी काही रेणू रुग्णांवरच्या चाचण्यांपर्यंत गेले. काचपात्रात ज्या पेशी पटापट मरत होत्या त्या रुग्णाच्या शरीरात तितक्या मरेनात. एक कारण असं दिलं जातं की खऱ्या गाठीतल्या थोड्याच पेशी एका वेळी विभागत असतात, तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी बनवणाऱ्या मज्जेतल्या पेशी जोरात विभागत असतात आणि मार त्यांना बसतो. दुसरं कारण यीस्टवाल्यांना ओळखीचं वाटावं. माणसाच्या पेशीतही ईजी-५ बंद असताना दुसरं एक कायनेसिन हळूहळू त्याची जागा घेऊ शकतं.

ईजी-५ वरचं एकही औषध कर्करोगाच्या रोजच्या उपचारात आलेलं नाही. टॅक्सॉल आणि सदाफुलीतून निघणारं व्हिन्क्रिस्टीन मात्र रोज दिली जातात, आणि ती दोन्ही मोटरीला हात न लावता थेट ट्यूब्युलिनवर बसतात, बाविस्टिनसारखीच.